बरं आहे, साहेब

“आज थेंब नकोत ना?” गोदावरीबाईंनी विचारलं, तसा फडताळाकडे गेलेला हात शरच्चंद्र गुरुजींनी मागे घेतला.

फडताळात समईच्या तेलाशेजारी एक काळी, बोटाएवढी बाटली होती. भांगेच्या पानांचा अर्क. वैद्य त्याला विजया म्हणत आणि रोज जिभेखाली थोडे थेंब घ्यायला सांगत. गोदावरीबाईंच्या पोटातला कॅन्सर मणक्यात उतरला होता. दवाखान्यातल्या जबर गोळ्या पोटात ठरत नव्हत्या, घेतली की उलटी. हे थेंब तेवढे ठरत. थेंब घेतले की त्या वाटीभर मऊ भात खात आणि कुशीवर वळून झोपत. पण गेले काही महिने बाटली मिळेनाशी झाली होती. कायद्याने पानाला मोकळीक आहे, फुलाला नाही, आणि नियम असे धूसर की पान कुठलं नि फूल कुठलं हे ठरवणार पोलीस. एका दुकानावर धाड पडली आणि गावातल्या सगळ्याच दुकानदारांनी कानाला खडा लावला. बाटलीच्या तळाशी होतं तेवढंच आता उरलं होतं.

“मृण्मयी म्हणाली ना, आमदारसाहेबांना डोळ्यांनी दिसलं पाहिजे,” गुरुजी म्हणाले. “निवेदन वाचून कुणाच्या पोटात कालवत नाही.”

“मग राहू दे. दिसू दे त्यांना.” त्या भिंतीला धरून उठल्या. “माझी हिरवी इरकल काढून द्या.”

“अगं, साधी नेस काहीतरी. आपण काय लग्नाला चाललोय?”

“चार माणसांत जायचं तर नीट जायचं. भीक मागायला नाही चाललोय आपण.”

भीक मागायलाच चाललोय, असं गुरुजींच्या जिभेवर आलं होतं. ते गिळून त्यांनी साडी काढून दिली. निऱ्या करताना मध्येच त्या पलंगाचा कठडा धरून डोळे मिटून उभ्या राहत, पुन्हा निऱ्या करत. कुंकू वाकडं लागलं तर पुसून पुन्हा लावलं.

गुरुजींचं घर पंचवटीत, गंगेपासून, म्हणजे गोदावरीच्या घाटापासून, हाकेच्या अंतरावर. पिढ्यान्‌पिढ्या रामकुंडावरचं क्रियाकर्म चालवणारं. गावोगावचे यजमान अस्थींचा कलश घेऊन पहाटेच दारात उभे. मूलबाळ झालं नाही, पण घर कधी रिकामं म्हणून राहिलं नाही. लग्न होऊन आल्या आल्या सासूबाईंनी गोदावरीबाईंना एकच शिकवण दिली होती: दारी आलेला माणूस आपलं माणूस जाळून आलेला असतो, त्याच्यापुढे आपलं डोकं दुखतंय म्हणायचं नाही. ती त्यांनी अशी पाळली की माहेरून वडील गेल्याचा निरोप आला त्या दिवशीसुद्धा बाहेर यजमानांची पंगत बसली होती, तर भात वाढून, ताक वाढून, त्यांना वाटेला लावून मगच त्या कोठीघरात जाऊन रडल्या. नवऱ्याला कळलं ते संध्याकाळी. गुरुजी हे चारचौघांत कौतुकाने सांगत. बायकोचं दुःख सांगून आपली कॉलर ताठ करायची पुरुषांची खोड जुनीच आहे.

पुतण्या विश्वेश गाडी घेऊन आला. आमदारांचं कार्यालय नाशिकरोडला. द्वारकेच्या चौकात नेहमीसारखी कोंडी होती. गाडी हातभर पुढे जाई आणि ब्रेक लागे. प्रत्येक ब्रेकला गोदावरीबाई खिडकीवरचा दांडा घट्ट धरत. गुरुजींना त्यांची पांढरी पडलेली बोटं दिसत होती. थेंब दिले असते तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं, आणि लगेच दुसरं वाटलं, की आता साहेबांना दिसेल. या दुसऱ्या विचाराची त्यांना लाज वाटली नाही, इतके ते टेकीला आले होते.

कार्यालयात मृण्मयी काठी टेकत पुढे आली. तिशी-पस्तिशीची मुलगी, पण नसांच्या आजाराने पाय कधी दगा देतील याचा नेम नव्हता. हे थेंब घेणाऱ्यांना तिनेच गोळा केलं होतं. तिच्या शेजारी कुबड्या भिंतीला टेकवून भिकन बसला होता. नामपूरच्या बाजारात कांद्याच्या गोण्या उचलणारा हमाल, ट्रकखाली पाय गेलेला. पहाटेची पहिली एसटी धरून आला होता.

“काकू, त्रास होतोय?” मृण्मयीने हळूच विचारलं.

“होतोय गं,” गोदावरीबाई म्हणाल्या. “पण चालेल. येऊ देत त्यांना.”

साहेब यायचे होते. कार्यकर्त्यांना करमणूक हवी होती. “गुरुजी, तुम्हीपण गांजावाल्यांच्या मोर्चात?” एकजण म्हणाला. “शिवरात्रीची उरली नाही का काही?” सगळे खिदळले. गुरुजींचे कान तापले. जन्मभर ज्यांच्या घरची पिंडं मांडली त्यांची पोरं ही. ते बायकोकडे पाहत राहिले. तिच्या वरच्या ओठावर घामाचे थेंब जमले होते आणि पदराखाली मूठ आवळलेली होती. असंच राहू दे, थोडा वेळ असंच राहू दे, अशी त्यांनी प्रार्थना केली. अशी प्रार्थना कुठल्या नवऱ्याने केली असेल?

साहेब उशिरा आले, पण माणूस वाईट नव्हता. खुर्ची ओढून समोर बसले. मृण्मयीने सगळं नीट सांगितलं. पानाचं औषध आणि फुलाची नशा यांतली रेघ सरकारने स्पष्ट आखावी, डॉक्टरांची चिठ्ठी असेल त्याला औषध दुकानात मिळावं, दुकानदाराला त्रास होऊ नये. मागणी एवढीच.

“ताई, माझा विरोध नाही,” साहेब म्हणाले. “पण मी सभागृहात उभा राहिलो की उद्या पेपरात काय येणार? आमदार गांजा मागतोय. त्यांना ठणकावून सांगता आलं पाहिजे ना, की मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय, माणसं तळमळतायत. तेवढं असेल तर ह्याच अधिवेशनात मांडतो, बघा.”

“साहेब, मना पाय नही शे, पन तोच दुखस,” भिकन म्हणाला. “रातभर नींद येत नही.”

मागे उभा असलेला स्वीय सहायक फसकन हसला. “नाही तो पाय दुखतो कसा रे?”

“तेच तं सांगी ऱ्हायनू ना, साहेब.”

आता कार्यकर्तेही हसले. साहेबांनी हात वर करून त्यांना गप्प केलं, पण ओठांच्या कोपऱ्यात त्यांनाही हसू आलंच होतं. ते लपवायला त्यांनी मान वळवली आणि त्यांना हिरवी इरकल दिसली.

“अरे! काकू, तुम्ही?” ते उठले, पुढे येऊन चक्क वाकून नमस्कार केला. “गुरुजी, तुम्ही सांगायचं नाही का? अहो, माझ्या आईचं दहावं ह्यांनीच केलं. मी तिथे घाटावर कोसळलो होतो तर काकूंनी घरी नेऊन पाणी पाजलं होतं.” ते गोदावरीबाईंच्या समोर गुडघ्यावर बसले. “काकू, तुम्ही सांगा. तुमच्या शब्दावर माझा विश्वास आहे. कसं काय? बरं आहे ना?”

 गुरुजी खुर्चीत पुढे सरकले.

गोदावरीबाईंनी पाठ सरळ केली. पदर खांद्यावर सारखा केला. आवळलेली मूठ सुटली आणि चेहऱ्यावर, कुठून आलं देव जाणे, हसू आलं.

“बरं आहे,” त्या म्हणाल्या. “तुमचं कसं? आईंच्या माघारी घरी सगळे नीट आहेत ना?”

“काकू!” मृण्मयी कळवळून म्हणाली. “सांगा ना त्यांना.”

“साहेब, ही सकाळपासून...” गुरुजींनी सुरुवात केली, पण गोदावरीबाई साहेबांकडे, दारी आलेल्या यजमानाकडे बघावं अशा मायेने बघत होत्या, की गुरुजींचं वाक्य तिथेच राहिलं. बायकोला चारचौघांत खोटं पाडायचं कसं?

“बघा,” साहेब उठत म्हणाले, “एवढ्या आजारात चेहरा किती प्रसन्न आहे! ह्याला म्हणतात मनाची ताकद. ताई, तुम्ही तरुण माणसांनी ह्यांच्याकडून शिका. विषय चांगला आहे, अभ्यास करू. ह्या नाही, पुढच्या अधिवेशनात बघू.”

मग निवेदन देताना फोटो झाला. साहेब मधे, एका बाजूला मृण्मयी काठीवर भार टाकून, दुसऱ्या बाजूला गोदावरीबाई हसऱ्या चेहऱ्याने. भिकन कुबड्या सावरून येईपर्यंत फोटो काढून झालाही होता.

परत येताना द्वारकेच्या सिग्नलला गोदावरीबाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि त्या गुरासारख्या ओरडल्या. बोळ्यातूनही ते असं ऐकू आलं की शेजारच्या रिक्षावाल्याने वळून पाहिलं. विश्वेशने घाईने काचा वर केल्या.

घरी आल्यावर गुरुजींनी बाटली त्यांच्या जिभेवर उपडी धरली. शेवटचं ओघळलं तेवढं ओघळलं. त्यांना जरा आराम पडला तेव्हा मात्र गुरुजींच्या तोंडाचा पट्टा सुटला.

“एक शब्द! दुखतंय, एवढा एक शब्द बोलायचा होता तुला. त्यासाठी सकाळपासून मरणयातना सोसल्यास ना? मग तिथे कसला मोठेपणा सुचला?”

“यजमान आहेत हो ते आपले,” गोदावरीबाई क्षीण आवाजात म्हणाल्या. “किती रडले होते आईसाठी. विचारलं त्यांनी, तर तोंडातून निघून गेलं.”

“निघून गेलं! त्या भिकनचं काय? त्या पोरीचं काय? सगळ्यांच्या तोंडचं घालवलंस तू.”

गोदावरीबाई कुशीवर वळल्या. भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. गुरुजींनी त्या दिवशी अबोला धरला, दुसऱ्या दिवशीही धरला. नंतर बोलायला लागले, पण तोवर गोदावरीबाईंचं बोलणं कण्हण्यात जमा झालं होतं. थेंब कुठेच मिळाले नाहीत. कुणी चोरून आणून देतो म्हणाला, त्याला गुरुजींनी हात जोडून नको म्हटलं आणि आठवड्याने पुन्हा त्यालाच शोधत फिरले, तर तो पोलिसांच्या भीतीने गावाला निघून गेला होता. नखांनी चादर फाडत, ओळखीच्या माणसालाही न ओळखता गोदावरीबाई गेल्या. सुटल्या, असं आलेला प्रत्येकजण म्हणाला.

त्या गेल्या तेव्हा अधिवेशन सुरू होऊन संपलंही होतं. विषय निघाला नव्हता.

दहाव्याला गुरुजी स्वतः यजमानाच्या जागी बसले. डोकं भादरलेलं, अंगावर ओला पंचा. आजवर ज्या बाजूला बसून मंत्र म्हटले तिथे आता विश्वेश बसला होता. पिंड मांडलं. शेजारी गोदावरीबाईंना आवडणारा गुळाचा सांजा ठेवला. सगळे मागे सरले. कावळे पुष्कळ होते, घाटावर त्यांना काय तोटा? पण एकही जवळ येईना.

कावळा शिवेना की मेलेल्या माणसाची इच्छा राहिली म्हणतात, आणि मग एकेकाने पुढे होऊन तिला वचन द्यायचं. विश्वेशची बायको म्हणाली, “काकू, काकांचं जेवणखाण आम्ही बघू.” कावळा पायरीवर बसून चोच घासत राहिला. दूरची एक बहीण म्हणाली, “गोदे, तुझ्या तुळशीला मी पाणी घालीन.” कावळा ढिम्म.

तेवढ्यात पायऱ्यांवर गडबड झाली. आमदार आले होते. अशा लोकांना रोज कुणाच्या ना कुणाच्या दहाव्याला यावंच लागतं, आणि आज घाटावर त्यांची दोन-तीन ठिकाणं होती. काय चाललंय हे कुणीतरी कानात सांगितलं. साहेब चपला काढून पुढे आले. हात जोडले. त्यांचे डोळे खरोखर ओले होते.

“काकू, मी शब्द देतो. तुमच्या औषधाचा विषय मी सभागृहात मांडतो.”

काठीवर भार टाकून उभ्या असलेल्या मृण्मयीने मान वर केली. सगळ्यांची नजर कावळ्यावर गेली. कावळा दोन उड्या मारत पिंडापर्यंत आला, मान तिरकी करून पाहिलं आणि उडून पलीकडच्या कुणाच्या तरी पिंडावर जाऊन बसला.

“काकूले पटनं नही,” मागून भिकन म्हणाला. या वेळी कुणी हसलं नाही.

साहेबांनी थोडा वेळ वाट पाहिली, घड्याळ पाहिलं, आणि मग ते गुरुजींजवळ येऊन वाकले. खांद्यावर हात ठेवला. या माणसाला गाठून काय काय ऐकवायचं ते गुरुजींनी किती रात्री मनात घोळवलं होतं. फाटलेल्या चादरीचं सांगायचं होतं. पदराच्या बोळ्याचं सांगायचं होतं. त्या दिवशी तुम्ही पाहिलात तो चेहरा खोटा होता, हे तर सांगायचंच होतं.

“सावरा गुरुजी,” साहेब म्हणाले. “तब्येत कशी आहे? बरं आहे ना?”

“बरं आहे, साहेब,” गुरुजी म्हणाले. “वेळात वेळ काढून आलात.”

साहेबांनी खांदा थोपटला आणि ते पुढच्या दहाव्याकडे गेले. मृण्मयी गुरुजींकडे पाहतच राहिली. गुरुजींनी खाली मान घातली. हे शब्द कोण बोललं? मी तर बोललो नाही. मग त्यांना भिंतीकडे तोंड करून पडलेली पाठ आठवली, आणि दोन दिवसांचा तो अबोला जिव्हारी लागला.

ऊन चढलं. घाटावरची माणसं पांगायला लागली. विश्वेश हळूच म्हणाला, “काका, आता दर्भाचाच करावा लागेल.” खरा कावळा शिवला नाही की दर्भाच्या काड्यांचा कावळा करून पिंडाला टेकवायचा, अशी सोय शास्त्राने ठेवलेली आहे. त्याने दर्भाची जुडी उचलली.

“दे इकडे,” गुरुजी म्हणाले.

परक्यांसाठी असे कावळे त्यांनी कैक केले होते, यजमानाशी गप्पा मारता मारता केले होते. आज काड्या बोटांतून निसटत होत्या. चोच झाली, शेपूट झालं. गाठ नीट बसली नाही म्हणून सोडून पुन्हा बांधली. मग तो कावळा हातात धरून ते पिंडाशी वाकले, इतके की त्यांचं कपाळ जवळजवळ दगडाला लागलं.

“गोदा, फार दुखत होतं गं तुला,” ते म्हणाले. “दिसत होतं मला.”

आणि त्यांनी कावळा टेकवला.