शाळेआधीचा रविवार

मंजुषाची शाळा सोमवारी उघडणार होती. माकणीजवळच्या एका वस्तीवर ती तिसरी-चौथीला शिकवायची. दर उन्हाळ्यात वाचनालयातून पुस्तकं आणून दुपारी पंख्याखाली पडून वाचायची. काही स्वतःसाठी, काही पोरांना वर्षभर सांगायला. यंदा अकरा पुस्तकं संपली होती. बारावं, एका खलाशानं लिहिलेल्या आठवणींचं, निम्मं राहिलं होतं.

घरात एक रिवाज पडला होता. शाळा उघडायच्या आधीच्या रविवारी चौघांनी कुठंतरी जायचं, झाडाखाली बसून जेवायचं आणि प्रत्येकानं काहीतरी वाचून दाखवायचं. चौघं म्हणजे ती, नवरा युवराज, नऊ वर्षांची हर्षाली आणि सासू कमलबाई. युवराज एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होता. तो पेपरातलं राशिभविष्य वाचायचा, तेही मनानं बदलून. कमलबाईंना वाचता येत नव्हतं. त्या लहानपणी मेंढरांमागं हिंडतानाच्या गोष्टी सांगायच्या, आणि हर्षालीला त्याच सगळ्यात जास्त आवडायच्या.

यंदा गाडी घेऊन येडशीला रामलिंगला जायचं ठरलं. दर्शन झालं, माकडांनी हर्षालीच्या हातातलं केळं पळवलं, आणि गर्दी नको म्हणून ते ओढ्याच्या कडेनं बरंच पुढं गेले. समोर उंच कडा होता. एका उंबराखाली सतरंजी टाकली, शेजारी चादरीवर जेवण मांडलं. धपाटी, शेंगाची चटणी, दही, आंबे. हर्षालीनं कोल्ह्याची गोष्ट आवाज बदलून बदलून वाचली. युवराजनं आईच्या राशीला परदेशगमन काढलं, तेव्हा कमलबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

मग आंब्यानं बरबटलेले हात धुवायला बापलेक ओढ्यातल्या डबक्याकडं गेले. मंजुषानं पुस्तक उघडलं. बोटीला वादळानं गाठलं होतं.

"धूर कुठनं येतोय गं?" कमलबाईंनी विचारलं.

"पलीकडं कुणीतरी चूल पेटवलीय, आत्या. स्वयंपाक चालला असेल."

"ओल्या लाकडाचा हाय. लई हाय. पार कड्यावर चाललाय."

"हं. एवढं पान संपवते."

पान संपलं नाही. आधी कुठूनतरी गाडी सुरू झाल्यासारखा आवाज आला. तो वाढतच गेला. पलीकडून आरडाओरडा झाला, भांडी पडली. कमलबाईंनी वर बघितलं.

"मंजू, खाली पड. आग्या उठलाय."

मंजुषानं कड्याकडं पाहिलं. तिथल्या पोळ्यांवरून एक काळा पट्टा सुटून खाली येत होता. आग्या माश्या. पहिली माशी तिच्या कानामागं डसली आणि डोक्यात खिळा ठोकल्यासारखं झालं. कमलबाईंनी तिला दंडाला धरून खाली ओढलं, सतरंजी दोघींवर घेतली आणि तिचे काठ अंगाखाली दाबले.

आत अंधार आणि गरम श्वास. बाहेरून ज्वारीचे दाणे फेकावेत तशा माश्या सतरंजीवर आदळत होत्या. दोन आत शिरल्या होत्या, त्या मंजुषाच्या पोटरीला डसल्या.

"हलू नको," कमलबाई म्हणाल्या. "हात झाडू नको. झाडलं की आणिक येत्यात."

"आत्या, हर्षाली..."

तेवढ्यात ओढ्याकडून आवाज आला. "मम्मी!" एकदाच. पुढं काहीच नाही.

मंजुषाला उठायचं होतं, आणि अंग उठत नव्हतं. हातपाय दुसऱ्या कुणाचे असावेत तसे पडून होते. आपली पोरगी ओरडतेय, आपण ऐकतोय आणि आपण हलत नाही, हे तिला स्वच्छ कळत होतं. तिनं पुन्हा आवाज येण्याची वाट पाहिली. तो येऊ नये असंही वाटलं आणि यावा असंही. फक्त घोंगावणं ऐकू येत होतं.

शेजारी कमलबाईंची हालचाल झाली. त्या कोपरावर उठायला बघत होत्या. दोन वर्षांपासून त्यांचा डावा गुडघा वाकत नव्हता.

"काय करताय?"

"तू ऱ्हा हितंच. म्या जाते. म्या म्हातारी हाय, मला काय हुतंय."

ते ऐकलं आणि मंजुषाचं थिजलेलं अंग हललं. "नाही. तुम्ही दाबून झोपा. मी जाते."

"तोंड झाक आधी. पळू नको. खाली बघून चाल."

तिनं पदर डोक्यातोंडावरून गच्च गुंडाळला, हात बाहेर काढून जेवणाची चादर ओढली. डबे उलटले, दही सांडलं. चादर अंगावर घेऊन ती निघाली. डबकं चाळीस पावलांवर होतं. हातांवर, मनगटांवर, पावलांवर माश्या डसत होत्या. एक भुवईवर बसली. झाडावीशी वाटली, पण तिनं झाडली नाही, आणि ती डसली. तिला रडू येत होतं आणि तोंड उघडायची भीती वाटत होती.

डबक्याच्या काठाला युवराज गुडघ्यांवर ओणवा झाला होता. अंगात शर्ट नव्हता. उघडी पाठ माश्यांनी काळी झाली होती आणि ती काळी पाठ हलत होती. मंजुषाला क्षणभर वाटलं, हा जिवंत नाही. मग त्याच्या पोटाखाली तिला शर्टात गुंडाळलेलं डोकं आणि हर्षालीची निळी चप्पल दिसली.

ती त्यांच्यावर आडवी पडली आणि चादर तिघांवर ओढून घेतली.

"हर्षू?"

"मम्मी," खालून बारीक आवाज आला. "पप्पा बोलत नाहीत."

"अहो. अहो, ऐकताय का?"

युवराजनं हुंकार दिला, शब्द नाही. चादरीखाली अडकलेल्या माश्या तिनं एकेक चिरडल्या. किती वेळ गेला तिला सांगता आलं नसतं. हर्षालीचा हात तिनं धरून ठेवला होता आणि दुसरा हात युवराजच्या बरगडीवर होता, श्वास चालतोय का बघायला.

शेवटी पावलं वाजली. "हलू नका. घोंगड्या टाकतोय अंगावर." तो जंगलातला वनमजूर बंडप्पा होता. आरडाओरडा ऐकून तो दोघांना घेऊन आला होता. त्यांनी तिघांना घोंगड्यांत गुंडाळून गाडीपर्यंत चालवलं. कमलबाईंना दोघांनी सतरंजीसकट उचलून आणलं.

"गाडी कोण चालवणार?" बंडप्पानं विचारलं. "अॅम्ब्युलन्सला फोन लावलाय, पर टाइम लागंल. मला गाडी येत न्हाय."

युवराजचे डोळे सुजून मिटले होते, ओठ जाड झाले होते. मंजुषा गाडी शिकली होती, पण गावातून वस्तीपर्यंतच. मोठ्या रस्त्यावर तिनं कधी घातली नव्हती.

"मी," ती म्हणाली.

ती धाराशिवकडं निघाली. एक डोळा सुजत चालला होता. समोरून ट्रक आला की ती स्टेअरिंग इतकं घट्ट धरायची की हातावरची सूज ठसठसायची. मागच्या सीटवर कमलबाई लेकाच्या पाठीत रुतलेले माश्यांचे काटे नखानं खरवडून काढत होत्या आणि सारखं बोलत होत्या.

"युवराज, वर्कशॉपला किती गाड्या हायत्या? सांग की रं."

"आई... घसा..."

"घसा काय?"

"आवळतोय."

त्यानंतर तो बोलला नाही, नुसती घरघर येत होती. हर्षाली पुढच्या सीटवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. "मम्मी, जोरात चालव," ती म्हणाली. मंजुषा आधीच जोरात चालवत होती.

दवाखान्यात स्ट्रेचर आलं, इंजेक्शन दिलं, नाकाला नळी लावली. घरघर हळूहळू कमी झाली. डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी दीडशेपर्यंत काटे मोजले आणि पुढं मोजले नाहीत.

"घसा मोकळा झालाय. पण इतकं विष अंगात गेल्यावर किडनीकडं लक्ष ठेवावं लागतं. लघवी लाल दिसली तर लगेच सांगा."

रविवार संपला, सोमवार उजाडला. दर वेळी मंजुषा युवराजच्या लघवीची बाटली खिडकीच्या उजेडात धरून बघायची. पिवळी. गडद पिवळी. पुन्हा पिवळी. कानात घोंगावणं थांबत नव्हतं. कॉरिडॉरमधला पंखा फिरला तरी ती दचकायची. हर्षालीला सहाच काटे लागले होते. ती बापाच्या पलंगाखाली जाऊन बसायची, बोलावलं तरी बाहेर यायची नाही.

अकरा वाजता मंजुषानं मुख्याध्यापकांना रजेसाठी फोन केला. पलीकडून पहिल्या दिवसाचा गलका ऐकू येत होता.

"मॅडम, पोरं विचारतायत, गोष्टीच्या बाई कुठंयत."

"येते सर. दोन दिवसांत येते," ती म्हणाली आणि फोन ठेवून जिन्यात बसून रडली. आत्यांनी धुराचं विचारलं तेव्हाच मान वर केली असती तर, हे ती कुणाला म्हणाली नव्हती. तेवढ्यात कमलबाई लंगडत आल्या आणि शेजारी बसल्या.

"मला धुराचा वास आला तवा म्याच उठून हाका मारायला पायजे हुत्या," त्या म्हणाल्या. "मेंढरामागं हुते तवा लई बघितलंय म्या असलं. तरी बसून ऱ्हायले."

मंजुषानं डोळे पुसले आणि त्यांना हात देऊन उठवलं.

मंगळवारी दुपारी युवराजचे डोळे उघडले. तपासण्या ठीक आल्या. बुधवारी सकाळी सुट्टी मिळाली. गाडी मंजुषाच चालवत होती. जूनचं ऊन कडक होतं, गाडीतला एसी केव्हाचा बंद पडला होता, आणि चारी काचा वरपर्यंत लावलेल्या होत्या.

"मम्मी, तुझ्या शाळेत मोठं झाड आहे ना?" हर्षालीनं विचारलं.

"आहे. चिंचेचं."

"त्याच्यावर वर कधी बघितलंस?"

मंजुषानं आठवून पाहिलं. सात वर्षं ती त्या झाडाखाली पोरांना घेऊन बसत होती. "नाही," ती म्हणाली.

"उद्या आधी बघ. पोरांना बाहेर आणायच्या आधी."

"बघेन."

 कमलबाईंनी पदरानं युवराजच्या मानेवरचा घाम टिपला, मग स्वतःचा. काच खाली घे, असं कुणीच म्हटलं नाही.