ड्रॅगनच्या हाडाला मेंढीची चव

चीनमधल्या हुंगगौ गावात त्या दिवशी जो तो जीभ बाहेर काढून उभा होता. ड्रॅगनच्या देवळापुढे मुंगी शिरायला जागा नव्हती. मधल्या चौथऱ्यावर पेइ महाराज, त्यांच्यापुढे पिवळ्या कापडावर दरीतून खणून काढलेल्या हाडांचा ढीग. महाराज एक तुकडा उचलायचे, समोरच्याच्या जिभेला टेकवायचे आणि हात सोडायचे. हाड लोंबकळत राहायचं!

"पाहा! ड्रॅगननं रोग पकडला!" महाराज गरजत. "याच डोंगरात तो झोपलाय. तुम्ही त्याला विसरलात, तो रुसला, म्हणून डोंगर बोडका झाला! जो आजारी, त्याचीच जीभ तो धरतो!"

धरत तर तो सगळ्यांचीच होता. गावात एकही माणूस धड नाही हे कळूनही लोक खूश, म्हणजे कमालच.

रुइशिया मात्र खूश नव्हती. तिच्या सहा वर्षांच्या दोदोला फिट्स यायच्या. शहरातल्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी त्या थांबल्या होत्या. पण महाराजांची अट होती: गोळी आणि ड्रॅगन एका पोटात नांदत नाहीत. गोळ्या दरीत फेका आणि हाडाची पूड राळ्याच्या पेजेतून पाजा. सासूबाईंनी सकाळीच गोळ्यांची डबी स्वतःच्या खिशात घातली होती. सकाळची गोळी चुकली होती.

"आई, डबी द्या हो. खंड पडता कामा नये म्हणालेत डॉक्टर."

"डॉक्टरला काय कळतंय? माझ्या सासूनंही मुलांना हाडाची पूडच दिली होती."

त्यातली किती जगली, हे रुइशियाच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिनं दोदोचा हात तेवढा घट्ट धरला.

एवढ्यात शाळेच्या तान बाई गर्दीतून पुढे आल्या. संग्रहालयाची माणसं दरीत खोदायला आली, तेव्हा दोन उन्हाळे बाईंनी त्यांच्यासोबत माती उपसली होती.

"महाराज, तुमचा ड्रॅगन खायचा काय हो?"

"वीज खायचा! ढग प्यायचा!"

"वा! मग हा जबडा बघू." बाईंनी ढिगातला जबडा उचलून थेट गावप्रमुख हाओकाकांच्या हातात दिला. "काका, खेचर विकत घेताना आधी काय बघता?"

"तोंड उघडून दात. त्याशिवाय व्यवहार नाही."

"मग बघा की."

काकांनी सवयीनं दाढांवरून अंगठा फिरवला आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. "अगं, हा तर घोडा! तोही म्हातारा. असलं जनावर मी फुकटसुद्धा घ्यायचो नाही."

गर्दीत खसखस पिकली.

"घोडाच तो. लाखो वर्षांपूर्वीचा, पायाला तीन बोटं असलेला," बाई म्हणाल्या. "वीज खाऊन दाढा अशा झिजत नाहीत, गवत खाऊन झिजतात. ही दुसरी दाढ बघा, पाला ओरबाडणाऱ्याची. जिराफाचा भाऊबंद. आणि या नळीच्या हाडावर दात उमटलेत ते तरसाचे. गवत होतं म्हणून घोडे होते, झाडं होती म्हणून जिराफ, आणि दोघं होते म्हणून तरसाची चैन. याच लाल मातीत गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख सापडतात, म्हणजे जवळपास तळंही होतं."

"आपल्या डोंगरावर जिराफ?" दोदो आ वासून बघत राहिला.

"हो रे! मग काळ पालटला, जिराफ गेले. पण रान बराच काळ होतं. देवळाची शिळा वाचा की! भट्ट्यांच्या जळणासाठी चारशे वर्षांपूर्वी झाडं तोडली, असं तिच्यावर कोरलंय. डोंगर बोडका केला कुऱ्हाडीनं. ड्रॅगन कशाला रुसतोय?"

"पुरे झाली थट्टा!" महाराज लालबुंद झाले. "मग जीभ कोण धरतं? जिराफ?"

बाईंनी भिंतीकडेची फुटकी कुंडी उचलली आणि तिच्या कोरड्या खापऱ्या वाटल्या. "लावा जिभेला."

काकांनी लावली. चिकटली! शेजारणीनं लावली, चिकटली. घटकाभरात अर्धं गाव जिभेला खापरी लटकवून उभं. बोलता कुणालाच येईना, हसू मात्र आवरेना.

"या हाडांना खापरीसारखीच बारीक भोकं आहेत," बाई म्हणाल्या. "ती जिभेची ओल शोषतात, म्हणून चिकटतात. बाकी काही नाही."

पण महाराज कसले वस्ताद! त्यांनी आपल्या सोबत्याला पुढे ओढलं. "हा माझी पूड खाऊन बरा झाला. आता बघा, ड्रॅगन याला सोडतो की नाही!" त्यांनी बाहीतून एक तुकडा काढून त्याच्या जिभेला टेकवला. टप्पकन खाली पडला.

सासूबाईंचे डोळे चमकले. "बघितलंस?" म्हणत त्यांनी खिशातून डबी काढली आणि दरीकडे वळल्या.

आपण काय करतोय हे कळायच्या आत रुइशियानं तो पडलेला तुकडा उचलला आणि स्वतःच चाटला. हा कुठे चिकटतोय! उलट जिभेवरून घसरला. आणि ती चव? ती तर रोज कढईत भेटणारी.

"आई, थांबा! याला मेंढीची चरबी फासलीय! म्हणून चिकटत नाही हा!"

"काहीतरीच! आण इकडे." सासूबाईंनी तुकडा ओढून घेतला आणि जिभेवर ठेवला. सगळं गाव त्यांच्या तोंडाकडे बघत होतं.

"चरबीच आहे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. मग एकदम कडाडल्या, "आणि तीही खवट! मेल्या, माझ्या नातवाला काय पाजायला निघाला होतास?"

महाराज कापड गुंडाळून निघाले होते, पण हाओकाकांनी त्यांची मानगूट धरली. "बसा महाराज. पोलिस येईपर्यंत तुमचेही दात बघू."

तान बाई चौथऱ्यावर चढल्या. "हाडं शाळेत आणून द्या. हा डोंगर कसा होता, ते मुलं त्यांच्यावरून शिकतील. आजाराचं मात्र डॉक्टरांनाच विचारा. आणि पुन्हा कुणी चमत्कार दाखवला, तर हात जोडण्याआधी एवढंच म्हणा, ती वस्तू जरा माझ्या हातात दे."

रुइशिया दोदोला जवळ घेऊन खाली बसली होती. सासूबाईंनी तिच्या मांडीवर डबी ठेवली.

"चुकलेल्या गोळीचं काय करायचं, ते डॉक्टरांना फोन करून विचार," त्या म्हणाल्या. "मी पाणी आणते."