दुखणं उजवीचं, बदली माझी

मी पुढच्या डाव्या चाकावरची बेअरिंग बोलतेय. दचकू नका. एरवी मी तोंडातून अवाक्षर काढत नाही. हाच माझा गुण, आणि त्यानेच माझा घात केला.

तुम्ही मला कधी पाहिलं नसेल. गाडीच्या पुढच्या चाकाच्या वर, आत, एक जाडजूड स्प्रिंग उभी असते. तिच्या पोटातून शॉकॲब्सॉर्बरचा दांडा वर येतो. त्या सगळ्याच्या डोक्यावर, गाडीच्या अंगाला खेटून, मी बसलेली असते, बांगडीसारखी गोल. स्टिअरिंग वळलं की चाकाबरोबर स्प्रिंगही वळते. ती अलगद वळावी म्हणून माझ्या पोटातले छर्रे फिरतात. एवढंच माझं काम. नीट केलं तर कुणाला पत्ता लागत नाही.

आमची गाडी विजेवर चालणारी. तिच्यात सगळा मान बॅटरीचा. जो येतो तो विचारतो, "बॅटरी किती उरली?" स्क्रीन पुसायला वेगळं मऊ फडकं. बॅटरीचं ते अगडबंब वजन ज्यांच्या डोक्यावर आदळतं त्यांची मात्र कुणी विचारपूस करत नाही. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

पण बॅटरी परकी. खरं पोटात दुखायचं ते उजवीमुळे. उजवी म्हणजे उजव्या चाकावरची बेअरिंग, माझी सख्खी बहीण. एकाच कारखान्यातल्या, एकाच ट्रेमधल्या आम्ही दोघी. दिसायला हुबेहूब, कुणालाही कुठेही बसवा. जोडणी करणाऱ्या बाईने एक इकडे घातली, एक तिकडे. तेवढ्याशा गोष्टीने माझ्या नशिबी जन्माचं डावं-उजवं आलं.

कारण उजवीकडे ठकू बसते. ठकू आमची मालकीण. तिचे वडील तिला ठकू म्हणतात, म्हणून मीही म्हणते. ती फिजिओथेरपिस्ट आहे. घरोघर जाऊन म्हाताऱ्या माणसांचे आखडलेले खांदे-गुडघे हलते करते. गाडीत ती गाणी म्हणते, फोनवर भांडते, कधी सिग्नलला थांबून उगाच हसते. ते सगळं उजवीच्या कानाशी. माझ्या वाट्याला रस्त्याची कड, डबकी आणि खडी.

तरी आधी दुखणं आलं ते उजवीलाच. गाडी धुणाऱ्याने पाण्याचा जोरदार फवारा थेट तिच्या अंगावर धरला, रबराच्या कडेतून पाणी आत शिरलं आणि छर्ऱ्यांना गंज चढला. वळताना ती कण्हायला लागली. कुर्र... टण्ण!

पेट्रोलच्या गाडीत हे कण्हणं इंजिनाच्या घरघरीत खपून गेलं असतं. आमची गाडी चालते ती मांजराच्या पावलांनी. तिच्यात कुर्र म्हणजे कुर्रच ऐकू येतं. ठकूने गाणी बंद केली. वळण आलं की हळू घ्यायची. "काय होतंय गं तुला?" असं चक्क मायेने विचारायची. मी ठणठणीत, खड्डे खाऊन खाऊन खमकी झालेली, आणि कौतुक त्या कण्हणारीचं! मीही एकदा कुरकुरायचा प्रयत्न करून पाहिला. जमलं नाही. माझे छर्रे लोण्यातून फिरावेत तसे फिरले.

एके दिवशी ठकू गाडी घेऊन माहेरी आली. शेजारी तिचा नवरा होता. बाबा, म्हणजे तिचे वडील, फाटकातच उभे होते.

बाबा बस डेपोतून निवृत्त झालेले फिटर. एके काळी ठकूचं काहीही बिघडलं, सायकल असो, इस्त्री असो, की ती बाबांकडे पळत यायची. लग्नानंतर ते थांबलं. आता प्रत्येक गोष्टीला "त्याने केलं ना दुरुस्त" असं उत्तर यायचं. 'त्याने' हा शब्द आला की बाबांच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. मला त्यांचा स्वभाव पटकन ओळखू आला. माझाच होता.

जावई काम करतो कान तपासायचं. माणसाला बंद खोलीत बसवायचं, कानांना हेडफोन लावायचा आणि आवाज ऐकू आला की बटण दाबायला सांगायचं. बाबा बायकोला म्हणत, "हे काय काम झालं? त्यापेक्षा घरी बसून रेडिओ ऐकावा." आपल्या कानांना मात्र त्यांनी जावयाला कधी हात लावू दिला नव्हता.

"बाबा, वळताना आवाज येतोय," ठकू म्हणाली. "त्याने वर्कशॉपमध्ये नंबर लावलाय, पण..."

"वर्कशॉप कशाला? मी काय मेलोय का?"

बाबा स्टिअरिंगवर बसले. ठकू शेजारी, जावई मागे. गल्लीच्या टोकाला गाडी वळवली. कुर्र... टण्ण!

"डावी," बाबा लगेच म्हणाले. "डावीकडची वरची बेअरिंग गेलीय."

माझे छर्रे जागच्या जागी थिजले.

मागून जावई हळूच म्हणाला, "बाबा, मला उजवीकडून वाटतोय."

"वाटत असेल."

"आपण असं करू. ठकू स्टिअरिंग फिरवेल, आपण एकेका स्प्रिंगला हात लावून बघू. जी झटका देईल ती..."

युक्ती अगदी बरोबर होती. डेपोत बाबा स्वतः तेच करत आले होते. पण ती जावयाच्या तोंडून आली, तिथेच बिनसलं.

"जावईबापू," बाबा म्हणाले, "उभा जन्म गाड्यांचे आवाज ऐकण्यात गेला माझा. तुमच्याकडे खोलीत बसून टूं टूं ऐकणारे येतात, ते वेगळं."

विजेच्या गाडीतली शांतता फार वाईट. शेवटी ठकूच म्हणाली, "बाबांना करू दे ना रे. मला उद्या सकाळी पेशंटकडे जायचंय, तेवढं बघा."

तो रविवार होता. बाबांच्या ओळखीच्या दुकानदाराने अर्धं शटर वर करून एक बेअरिंग दिली आणि शटर ओढून घेतलं. "दोन्ही बाजूंच्या एकदम बदलतात म्हणे," असं जावई म्हणाला होता. "धडधाकट वस्तू कशाला काढायची?" असं बाबांचं उत्तर. ते ऐकून मला हसावं की रडावं तेच कळेना.

घरामागच्या शेडमध्ये काम सुरू झालं. जावयाला काम मिळालं एकच: टॉर्च धरायचा.

खोटं कशाला बोलू? मी हरखले होते. पहिल्यांदा कुणीतरी माझ्यासाठी खाली बसलं होतं. बाबांनी गाडी जॅकवर घेतली, खाली ठोकळे लावले, चाक काढलं. पुढचं झाकण उघडून, इंजिनाच्या जागी असतो तो सामान ठेवायचा प्लॅस्टिकचा डबा उचलून काढला. आमच्या डोक्यावरचे नट सोडवले. मी, स्प्रिंग, शॉक, अख्खी वरात बाहेर आली. मग स्प्रिंगला दोन बाजूंनी शिकंजे लावून त्यांनी ती आवळायला घेतली, थोडी इकडून, थोडी तिकडून, घाई न करता. आवळलेली स्प्रिंग सुटली तर माणसाचा जबडा फोडेल. जावई टॉर्च धरून बघतच राहिला. त्याच्या डोळ्यांत खरंखुरं कौतुक होतं, पण बाबांनी तिकडे बघितलंच नाही.

मधला नट सुटला. बाबांनी मला बाहेर काढलं आणि सवयीने बोटांवर घेऊन फिरवलं.

मी फिरले. आवाज नाही, अडखळणं नाही.

बाबांची बोटं थांबली. पुन्हा एकदा त्यांनी मला फिरवलं, अगदी हळू. त्यांना कळलं होतं. ज्या हातांनी जन्मभर बेअरिंगा फिरवल्या त्यांना न कळून कसं चालेल?

"काय झालं बाबा?" जावयाने विचारलं.

बाबांनी वर पाहिलं. समोर तो होता. दुसरं कुणीही असतं, तर ते कदाचित खरं बोलले असते.

"गेलीय," ते म्हणाले. "पार गेलीय." आणि त्यांनी मला भंगाराच्या डब्यात टाकलं.

वाकड्या खिळ्यांत पडल्या पडल्या मी पाहिलं, माझ्या जागी ती नवी कोरी, चकचकीत बया बसत होती. माझी स्प्रिंग, माझा शॉक, माझं छप्पर. आणि तिकडे उजवी, जिच्या दुखण्यापायी हे सगळं झालं, ती आपल्या जागी मजेत! मत्सर मला नवा नव्हता, पण इतका कडू घोट मी कधी गिळला नव्हता.

गाडी जोडून झाली. ठकू तिला फाटकाबाहेर घेऊन गेली. वळणावर कुर्र... टण्ण! शेडमध्ये माझ्यापर्यंत आलं ते.

ठकू परत आली. काही बोलली नाही. "मी आईला मदत करते," म्हणून आत गेली. ते न बोलणं बाबांना जास्त लागलं. ते स्टुलावर बसून नुसते हात पुसत राहिले.

आता जावई बोलणार, मला वाटलं. मी असते तर सोडलं नसतं. मी अगदी कान टवकारून बसले.

जावई टॉर्च बंद करून त्यांच्या डावीकडे येऊन बसला. "या गाड्यांत आवाज फसवतात, बाबा. इंजिन नाही, आत सगळं पोकळ. कुठला आवाज कुठून घुमेल सांगता येत नाही."

"तुम्ही नाही फसलात."

जावई टॉर्चचं बटण चाळवत राहिला.

"आल्यापासून बघतोय," बाबा म्हणाले, "तुम्ही नेहमी माझ्या डावीकडेच बसता. जेवायला, टीव्हीसमोर, आत्तासुद्धा. का?"

"बाबा..."

"सरळ सांगा. कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्यांदा या घरी आलो तेव्हापासून," जावई म्हणाला. "तेव्हा मी तुमच्या उजवीकडे बसलो होतो. तुम्ही माझ्या एकाही प्रश्नाला उत्तर दिलं नाहीत. मला वाटलं, मी काही तुम्हाला आवडलो नाही."

"ते तर आवडला नव्हतातच," बाबा म्हणाले.

दोघांनाही एकदम हसू फुटलं. बाबा इतके हसले की त्यांना डोळे पुसावे लागले, आणि मग ते पुसतच राहिले.

"डेपोत उजवीकडे एअर कॉम्प्रेसर असायचा," ते म्हणाले. "दिवसभर डोक्यात घण घातल्यासारखा. त्या कानाने साथ सोडली. उजवीकडचं कमी ऐकू येतं, म्हणून सगळं डावीकडूनच आल्यासारखं वाटतं. ठकूला बोललात?"

"नाही. तिला तुम्हीच सांगायचं. मी कोण सांगणारा?"

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. मग उठून भंगाराच्या डब्यापाशी आले आणि खिळे बाजूला सारून मला बाहेर काढलं.

"ही चांगली आहे," ते म्हणाले. "हातात घेतली तेव्हाच कळलं होतं मला. तुमच्यासमोर कबूल करवलं नाही."

"मला दिसलं होतं," जावई म्हणाला.

"आणि तरी गप्प बसलात?"

"तुमचं घर, तुमची शेड. मी टॉर्चवाला."

बाबांनी त्याच्या हातातून टॉर्च काढून घेतला आणि पाना दिला. "दुकान आता उघडायचं नाही. हीच उजवीकडे घालू. तुम्ही खोला, मी उजेड धरतो. शिकंजे मात्र सावकाश, दोन्हीकडून सारखे. घाई केलीत तर मुलीला काय सांगू मी?"

त्यांनी मला पुसून काढलं, बोटाने ग्रीस भरलं. जावयाचे हात नवखे होते. दोनदा पाना निसटला, एकदा बोट सोललं. बाबा ओरडले नाहीत. उजवी बाहेर आली तेव्हा तिच्यातून गंजाचं तांबडं पाणी ओघळलं. तिला पाहून मला आनंद व्हायला हवा होता. झाला, पण मला वाटलं होतं तेवढा नाही. आणि मग मी बसले तिच्या जागी, जी जागा मी जन्मभर मागत होते तिथे.

संध्याकाळी ठकूने गाडी वळणावर नेली, आणली. काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. काच खाली करून ती म्हणाली, "मग नक्की कुठल्या बाजूचं होतं?"

बाबा तिच्या खिडकीशी उभे होते, उजवा कान तिच्याकडे करून. "अं?" ते म्हणाले. आणि मग मान वळवून, सावकाश, जावई ऐकत असताना म्हणाले, "ठकू, या बाजूने बोल बाळा. त्या कानाने मला ऐकू येत नाही."

ती गाडीतून उतरली आणि त्यांच्या डाव्या खांद्याशी जाऊन उभी राहिली.

आता मी इथे असते, ठकूच्या जवळ. तिची सगळी गाणी मला ऐकू येतात. तुम्हाला वाटेल, मी सुखी झाले असेन. झाले असते हो. पण मधल्या काळात बाबांनी जावयाकडून कान तपासून घेतला, आणि आता त्यांच्या उजव्या कानात एक इवलंसं यंत्र बसलंय. गाडी सुरू केली की ठकू आधी त्यांना फोन लावते. "यंत्र घातलंय ना? साफ केलंत ना? टोचत नाही ना?" रोज, न चुकता. ना छर्रे, ना स्प्रिंगचा भार, नुसतं कानात बसून राहायचं, आणि केवढे ते लाड!

म्हणून तुम्हाला हात जोडून सांगते. स्टिअरिंग वळवल्यावर काहीच ऐकू आलं नाही, तर गाडी शांत आहे म्हणून तिला शाबासकी देऊ नका. ती शाबासकी आमची असते. आम्ही हावरट आहोत, आम्हाला ती हवी असते. आता जरा थांबा, वळण आलंय. मला फिरायचंय.