फाट्यावरचे दगड

मित्रांनो, मी एक जुनी जीप आहे. पुसदच्या एका गॅरेजात माझ्यात बाकं ठोकली, टपाला जाळी लावली आणि डोंगरावरच्या तांड्यातल्या धरमसिंगने मला घरी नेले. त्याच्या आईने, हंसाबाईने, माझ्या बोनेटला हळदकुंकू लावले. तांड्यापासून डांबरी रस्ता नऊ किलोमीटर दूर. मी सुरू झाले की लोक हातातले काम टाकून धावत यायचे. टपावर जागा मिळाली तरी खूश. एवढी माया मला दुसरीकडे कुठे मिळाली नाही.

मागच्या भादव्यात शेतात तण निंदताना धरमसिंगच्या बायकोला, जमनीला, साप चावला. तिला मागच्या बाकावर हंसाबाईच्या मांडीवर निजवून आम्ही पुसदकडे निघालो. फाट्यावरच्या गावात टायर जळत होते. त्या सकाळीच एका ट्रकने तिथल्या पायल नावाच्या शाळकरी मुलीला चिरडले होते. डांबरावर रक्त तसेच होते.

मी थांबायच्या आधीच पहिला दगड आला. तो पायलच्या आईने, विमलताईंनी मारला होता. माझी काच फुटली आणि एक तुकडा धरमसिंगच्या डोळ्यात घुसला. मग काठ्या पडल्या. दिवे फुटले, दार आत दबले. मागे जमनीच्या तोंडातून फेस येऊ लागला.

हंसाबाई खाली उतरली. विमलताईंच्या हातात दुसरा दगड होता. तो हातच तिने धरला.

"माही सून मरून राह्यली, बाई. साप चावला तिले. जाऊ दे आमाले."

"माही पोरगी तं मेलीच! दारातून पाऊल टाकलं अन् गेली. कायले येता तुमी आमच्या दारातून?"

"आमच्या दारात दवाखान्याची गाडी येत नाही म्हनून मानसं मरतात, माय. आमाले दुसरा रस्ताच नाही."

विमलताईंनी आत डोकावून जमनीला पाहिले. मग त्या माझ्या पायरीवर चढल्या आणि गर्दीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. तरी एक दगड आलाच. तो त्यांच्या कपाळाला लागला. रक्त पुसायलाही त्यांनी हात उचलला नाही.

"मारा आता माह्यावर!" त्या ओरडल्या.

कुणी मारला नाही. धरमसिंगने एका डोळ्याने मला हाकले. गाव संपल्यावर विमलताई उतरल्या आणि जळत्या टायरांकडे परत गेल्या.

जमनी वाचली. धरमसिंगचा डोळा मात्र गेला. मी आता गोठ्यामागे गंजते आहे.

मित्रांनो, त्या गावातून मी शेकडो वेळा हॉर्न वाजवत भरधाव गेले. ते कुणाचे तरी अंगण आहे, हे मला कधी सुचलेच नाही. तुम्ही हळू जा. तिथल्या पोरांना दूर कुठे जायचे नसते. ती फक्त पलीकडे जात असतात.