चिमीच्या शेताला पाणी

अक्काला फोनवरच्या खेळांचं वेड लावलं ते एका नर्सबाईंनी. अक्काचं कपडेदुरुस्तीचं दुकान होतं. पँटची उंची कमी करून दे, चेन बदलून दे, उसवलेली बाही शिवून दे, असली कामं. नर्सबाई कोटाची चेन बदलून होईपर्यंत बाकावर बसल्या होत्या आणि फोनवर हॉटेल चालवत होत्या. सूप दे, टेबल पूस, पैसे घे, पुन्हा सूप.

"दिवसभर वॉर्डात धावायचं आणि मग इथं वेटरचं काम करायचं? हौस म्हणायची तुमची," अक्का म्हणाली.

"इथलं गिऱ्हाईक मरत नाही हो," मान वर न करता नर्सबाई म्हणाल्या. "फार तर रागावून निघून जातं."

अक्कानं आधी हॉटेल चालवून पाहिलं. मग बेकरी, मग विमानतळ. तिची मतं ठाम होती. विमानतळात नुसती धावपळ, बेकरीत फार गोड संगीत, डोकं उठतं. हॉटेलातलं गिऱ्हाईक चिडलं की त्याच्या डोक्यावर लाल ढग येई, हे मात्र तिला फार आवडलं. तिच्या दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या डोक्यावर काहीच येत नसे, ती थेट तोंड सोडत. शेवटी ती रमली शेताच्या खेळात. पेरायचं, पाणी घालायचं, कापायचं, बाजारात पाठवायचं. घाई नाही. एकटी बाई, सकाळी चहाबरोबर आणि दुपारी शिलाई मशीन थंड असताना, दोन घटका शेतावर जाऊन यायची.

या खेळात शेजारी असत. आपल्या विहिरीतलं पाणी रोज एका बादलीपुरतं शेजाऱ्याला पाठवता येई. फोनमध्ये ज्यांचे नंबर, त्यांच्यापैकी जे खेळत, ते आपोआप शेजारी होत. एका सकाळी कुंपणापलीकडे नवीन पाटी दिसली. 'चिमी.'

अक्काचा चहा निवला.

चिमी तिची धाकटी बहीण. आई गेली त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद होतं. आईचं सगळं अक्कानं केलं होतं. आता हिला पुन्हा दवाखान्यात हलवायचं नाही, हेही तिनं एकटीनंच ठरवलं. चिमी पोचली तेव्हा आई गेलेली होती. "मला विचारलं का नाहीस?" असं तिनं रडत विचारलं, आणि कितीतरी रात्री न झोपलेली अक्का बोलून गेली, "पाहुणीनं पाहुणीसारखं यावं आणि जावं. विचारायचं काय त्यात?" चिमी आल्या पावली परत गेली. दोघींचाही राग नाकाच्या शेंड्यावर. आधी कोण बोलणार, यातच वर्षं गेली.

आणि आता ती कुंपणापलीकडे होती. पाटीखाली लाल अक्षरांत खेळ सांगत होता, 'चिमीच्या शेताला पाणी हवं आहे.'

अक्कानं बादली पाठवली. संध्याकाळी तिच्या शेतावर चिमीकडून एक बादली आली.

त्या दिवसापासून हे रोजचं झालं. शब्द एकही नाही, नुसतं पाणी. चिमीचं शेत म्हणजे शेतीची थट्टा होती. बाजारात ज्याला दमडीचा भाव नाही अशी सूर्यफुलं तिनं भर वावरात लावली होती. कोंबड्या मोकाट. गहू कापायच्या आधीच वाळून जाई. 'लहानपणी वेणीसुद्धा धड घालता येत नव्हती हिला,' अक्का मनाशी म्हणे आणि एक बादली जास्त कशी पाठवता येईल ते शोधे. शेतात हालचाल कधी होते त्यावरून तिला बहिणीचा दिवस वाचता येऊ लागला. आता उठली. आता जेवली. आज बाहेर गेली असणार. फोन उचलून नंबर लावायचा, एवढंच काम होतं. पण पाणी जातंय-येतंय तोवर चाललंय की, असं म्हणून अक्का ते पुढे ढकलत राहिली.

पानगळ सरता सरता चिमीचं शेत सुधारलं. सूर्यफुलं गेली, त्यांच्या जागी गहू आणि मका आला, दोरी लावून आखल्यासारख्या ओळींत. कोंबड्या खुराड्यात गेल्या. माल वेळेवर बाजारात जाऊ लागला. "उशिरा का होईना, अक्कल आली," अक्का नर्सबाईंना कौतुकानं म्हणाली. पण मनातून तिला ते शेत पाहून करमेना. हल्ली ती पलीकडे रेंगाळत नसे, पाणी टाकून परत येई.

हिवाळा सरत आला तेव्हा एका दुपारी तिनं धीर केला. खेळात निरोप लिहायची एक बारीकशी चौकट होती. तिथं तिनं लिहिलं, 'चिमे, बरी आहेस ना?'

बराच वेळ काही आलं नाही. अक्कानं एका शर्टाचं बटण उलटं लावलं, ते पुन्हा काढलं. मग फोन वाजला.

'बरी आहे. तुम्ही?'

अक्कानं ते दोनदा वाचलं. चिमीनं तिला जन्मात कधी तुम्ही म्हटलं नव्हतं. भांडताना नाही, थट्टेतही नाही. अक्कानं सुई टाचण्यांच्या उशीत खोचली, शटर ओढलं आणि बसस्टॉपवर गेली.

दार चिमीच्या नवऱ्यानं उघडलं. तो फ्रिज दुरुस्त करायचा. अंगात कामाचा निळा सदरा होता, दाढी वाढलेली होती. अक्काला पाहून तो बाजूला झाला, पण या म्हणाला नाही.

"भाऊजी, चिमी कुठंय?"

त्यानं आतल्या खोलीकडे पाहिलं. अक्का आत गेली. पलंगावरची गादी गुंडाळून ठेवलेली होती. कोपऱ्यात श्वासाचं यंत्र प्लास्टिकमध्ये बांधलेलं होतं. उशाच्या स्टुलावर चिमीचा फोन चार्जिंगला लावलेला होता.

"कधी?" तिनं विचारलं.

"पानं गळून संपली तेव्हा. फुप्फुसांचं होतं. वर्षभर चाललं होतं."

अक्का गुंडाळलेल्या गादीवरच बसली. म्हणाली, "म्हणजे एवढे दिवस मी..."

"माझ्याशी खेळत होतात."

"आणि मला कळवलं नाहीत?"

"नाही कळवलं," तो दारातच उभा राहून म्हणाला. "राग होता तुमच्यावर. तुम्ही तिला पाहुणी म्हणालात. त्या दिवशी घरी येऊन ती जेवली नव्हती. मी म्हटलं, राहू दे, यांनाही नंतर कळू दे. आई गेल्यावर हिला कळलं तसंच." त्यानं स्टुलावरच्या फोनकडे पाहिलं. "शेत बंद पडलं असतं तर तुम्हाला संशय आला असता. म्हणून चालू ठेवलं. आधी त्यासाठीच. मग मला ती सवयच लागली. कामावरून आलो की घरात तेवढंच एक करण्यासारखं होतं."

अक्का उठली. तिनं हात उगारला असता, असं तिला स्वतःलाच वाटलं. पण त्याचे डोळे पाहून ती परत खाली बसली. ओरडून कुणाला काय मिळणार होतं?

"माझ्याबद्दल काही बोलली?"

"शिव्या दिल्या तुम्हाला," तो म्हणाला. "हट्टी, गाढव, काय काय म्हणाली. शेवटी शेवटी बोटं चालत नव्हती तिची. ती पडून सांगायची, मी खेळायचो. एकदा म्हणाली, अक्काचे भोपळे सुकतायत बघा, तिला आधी पाणी पाठवा. मी म्हटलं, फोन लावू का? म्हणाली, नको. ती आली की मी रडेन, आणि रडले की मला दम लागतो."

अक्कानं तोंडाला पदर लावला, पण रडू आलं नाही. आतून सगळं कोरडं पडलं होतं.

त्यानं चहा केला. दोघं स्वयंपाकघरात समोरासमोर बसली. चिमीचा कप कुठला, हा विषय दोघांनीही काढला नाही. अक्कानं विचारत विचारत सगळं ऐकून घेतलं: कुठला दवाखाना, शेवटचं काय खाल्लं, कोण कोण आलं होतं. तो आधी तुटक सांगत होता, मग सुटल्यासारखा बोलू लागला.

"सूर्यफुलं तेवढी काढायला नको होती तुम्ही," निघताना अक्का म्हणाली.

"मला ती बघवत नव्हती."

दारात तिनं चप्पल घातली आणि वळून म्हणाली, "भाऊजी, खेळायचं तर खेळा. माझं काही म्हणणं नाही. पण तिच्या नावानं नको. स्वतःचं नाव लावा."

तो हो म्हणाला.

दोन-तीन दिवस अक्कानं खेळ उघडलाच नाही. मग एका सकाळी, दुकान उघडायच्या आधी, उघडला. शेतात गवत माजलं होतं, भोपळे काळे पडले होते. कुंपणापलीकडे त्याच त्या सरळ ओळी होत्या, आणि पाटीवर लिहिलं होतं, 'मेकॅनिक.'

तिनंच सांगितलं होतं तसं. शब्दाला जागला होता बिचारा. पण ती पाटी पाहिली आणि तिला हुंदका आला. त्या घरात आलं नाही ते सगळं रडू आता आलं. कापडांच्या ढिगात तोंड खुपसून ती रडली. नर्सबाई कोट घेऊन आल्या, अर्ध्या उघड्या शटरखालून त्यांनी पाहिलं आणि काही न विचारता बाकावर येऊन बसल्या.

"बहीण गेली हो माझी," तोंड वर करून अक्का म्हणाली.

"कधी?" नर्सबाईंनी विचारलं.

"आज," अक्का म्हणाली, आणि तिनं डोळे पुसून त्यांच्या हातातला कोट घेतला.