बांगड्यांची खूण

ओमेश्वरीला ऐकू येत होतं. पाठीमागून डबी खुळखुळवली की ती वळायची. टाळू, जीभ, ओठ सगळं नीट होतं. तरी सहा वर्षांची ही मुलगी एक शब्दही का बोलत नाही, हे मला कळत नव्हतं.

गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावच्या आमच्या वाचा-उपचाराच्या खोलीत तिला तिचे आजोबा झामसिंग घेऊन आले होते. सोबत आई रविता, डोक्यावर पदर, तोंड भिंतीकडे.

"मुकी हाय का नाही, तेवढं सांगा मॅडम," झामसिंग म्हणाले. "मुकी असन तं गोंदियाले होस्टेलच्या शाळेत टाकतो. नसन तं गावातच पहिलीत."

"घरी बोलते?"

"बायका म्हनतेत बोलते. म्या तं कधी आयकलं नाही. मले पाह्यलं का तोंड बंद."

मी रविताला विचारलं. उत्तर झामसिंगांनीच दिलं.

मी साबणाचे फुगे काढले. ओमेश्वरी हसली. मग बाटलीला झाकण लावून मी गप्प बसले. मुलाला स्वतःहून मागावंसं वाटेपर्यंत थांबायचं, आमच्या कामात हेच अवघड. तिनं बाटलीकडे पाहिलं आणि हातातल्या बांगड्या टेबलावर आपटल्या. पुन्हा फुगे, पुन्हा झाकण, पुन्हा तेच. हाताची एकच हालचाल वारंवार, बोलणं नाही. माझ्या मनात स्वमग्नता हा शब्द आला. पण मग ती माझ्याकडे बघून हसत का होती?

तेवढ्यात झामसिंगांचा खांद्यावर घ्यायचा दुपट्टा खुर्चीवरून घसरला. रविताने बांगड्या वाजवल्या. त्यांनी वळून पाहिलं, दुपट्टा उचलला आणि बोलणं पुढे चालू ठेवलं.

मी जे लक्षण समजत होते, ती घरची रीत होती? की दोन्ही?

"काका, जरा बाहेर चहा घेऊन येता?"

दार लागलं. मी पुन्हा झाकण लावून थांबले. ओमेश्वरीनं दाराकडे पाहिलं आणि आईच्या कानाशी गेली.

"आई, तिले सांग न, अजून फुगे काढ म्हना."

"सासऱ्यासमोर मी बोलत नाही मॅडम," रविता म्हणाली. "पन हिले कोनी मना नाही केलं. ही काऊन गप राह्यते?"

"बहुतेक तुम्हाला पाहून."

बहुतेक. फुगेसुद्धा तिनं आईमार्फतच मागितले होते. ही रीत किती आणि अडचण किती, मला अजून सांगता येत नव्हतं.

झामसिंग परतले तेव्हा मी एवढंच सांगितलं, की ती मुकी नाही. सूनबाई तुमच्यासमोर बोलल्या तर कदाचित तीही बोलेल.

"म्हंजे मीच आडवा आलो? मंग काय, घर सोडून जाऊ?" ते हसले. "माह्या आईनं माह्या आज्यासमोर मरेपर्यंत तोंड उघडलं नाही, मॅडम."

त्यांनी दुपट्ट्याचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. मग जमिनीकडे पाहत सुनेला म्हणाले, "बोल बाई. म्या काही मनात नाही आननार."

रविताचा हात सवयीनं उचलला गेला. दुसऱ्या हातानं तिनं बांगड्या धरून ठेवल्या.

"बाबूजी, चला. एसटी जाईल."

"हाव," झामसिंग म्हणाले. त्यांनी दुपट्टा खांद्यावर टाकला. "गावच्या गुरुजीलेही भेटाचं हाय. पहिलीचं."

ओमेश्वरी आईच्या तोंडाकडे बघत राहिली, मग आजोबांच्या. तिचा हात टेबलावर होता, बांगड्या वाजल्या नाहीत. मी पुन्हा फुगे काढले, बाटलीला झाकण लावलं आणि थांबले.