लायलचं कुलूप

आमच्या कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये मशीनखाली शिरण्याआधी प्रत्येकाने बॅटरीच्या स्विचला स्वतःचं कुलूप लावायचं असतं, म्हणजे कुणी चुकून मशीन सुरू करू शकत नाही. कुलपावर आपलं नाव, किल्ली आपल्याच खिशात. ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं. किल्ली बायकोलाही द्यायची नाही, असं आमचे मास्तर हालोनेन पहिल्याच दिवशी बजावतात.

मी इथे आले ती शाळेची बस चालवणं सोडून. वर्कशॉपमधला माझा जोडीदार लायल माकी लाकडाचे ट्रक हाकून वैतागलेला. रस्त्यावरचा बर्फ सारणारा एक जुना ग्रेडर आम्ही वर्षभर खपून खोलला आणि पुन्हा जोडला. परीक्षेत तो सुरू झाला की दोघंही पास, नाही तर दोघंही नापास.

फेब्रुवारीत पहिल्यांदा सुरू करून बघायचं ठरलं. दोघांनी कुलपं काढली, लायल वर चढला. तेवढ्यात मला तेलाचा थेंब दिसला आणि मी न सांगता, कुलूप न लावता पुन्हा खाली शिरले. त्याने स्टार्टर मारला. इंजिनच्या पंख्याने माझी बाही फाडली, हात वाचला. मी शिव्या घालत बाहेर आले, पण लायल पांढराफटक पडला होता. त्याने आपलं कुलूप स्विचला अडकवलं आणि निघून गेला, तो पुन्हा आलाच नाही.

परीक्षेच्या सकाळीही कुलूप तिथेच होतं.

"त्याने हो म्हटलं तर मी कापू शकतो," हालोनेन म्हणाले आणि लायलला फोन लावून माझ्या हातात दिला. मी त्यांचं म्हणणं सांगितलं.

"कापू दे की मग त्यांना," लायल म्हणाला.

"मी नाही कापू देणार. तुझं आहे, तू येऊन काढ."

"मर्ना, डोकं फिरलंय का तुझं? नापास होशील."

"होईन. मग जन्मभर तुझ्या नावाने खडे फोडेन."

त्याने फोन ठेवला. हालोनेन कटर हातात घेऊन उभे.

"आणखी थोडं थांबा," मी म्हणाले. खरं तर मला रडू येत होतं. ग्रेडर काय, पुढच्या वर्षीही सुरू झाला असता. मला लायल परत हवा होता.

दुपारी तो आला. कुणाकडे न बघता त्याने कुलूप काढलं.

"स्टार्टर कोण मारणार?" हालोनेननी विचारलं.

"लायल," मी म्हणाले.

तो लगेच वर चढला नाही. ग्रेडरभोवती फिरला, ओल्या फरशीवर गुडघे टेकून खाली वाकून बघितलं. मग उभा राहून ओरडला, "मर्ना!"

मी त्याच्या समोरच उभी होते. थट्टा करणार होते, पण त्याचा चेहरा बघितला.

"बाहेर आहे," मी म्हणाले.

"पुन्हा सांग."

"बाहेर आहे मी, लायल."

मग तो वर चढला. ग्रेडर दुसऱ्या झटक्याला सुरू झाला. सगळे टाळ्या वाजवत पुढे धावले. मी मात्र जागची हलले नाही, त्याला दिसत राहावं म्हणून.